न दुखणारी टाच

मी त्याच्या टाचेतलं मेलेलं मांस कापत होते आणि तो मोबाईलवर क्रिकेट बघत होता.

आम्ही सर्जन लोक याला डिब्रीडमेंट म्हणतो. जखमेत कुजलेला भाग असेल तर तो कापत जायचं, खाली ताजं, रक्त येणारं मांस लागेपर्यंत. ते लागलं की पेशंट ओरडतो. ओरडलाच पाहिजे. म्हणून आधी भूल देतात. सिस्टर इंजेक्शन भरत होती तेवढ्यात हा म्हणाला, "नाका डॉक्टर, गरज ना." मला वाटलं, सिस्टरसमोर शूरपणा चाललाय. एकोणीस वर्षांचं पोरगं, एवढं चालायचंच. मी कात्री जरा खोल घातली. रक्त आलं. त्याने मान वर केली नाही.

"दुखना?"

"ना."

"इल्लांसुद्दां? जरासुद्दां?"

"दुखचांच ना ताका," मागे उभे असलेले त्याचे वडील म्हणाले. आवाजात अभिमान होता. "धोंड तो."

त्या दिवशी शुक्रवार होता. म्हापशाचा बाजार उरकून लोक थेट आमच्या ओपीडीत येतात, पिशव्यांसकट. बाहेर ही गर्दी होती आणि मी त्या एका शब्दावर थांबले होते, कारण तो शब्द मला चांगला माहीत होता.

मी पेडण्याची. माझा मामा धोंड होता. आमच्याकडे गोव्यात, डिचोली तालुक्यात, वैशाखात देवीची मोठी जत्रा भरते. त्या देवीचं व्रत घेणाऱ्याला धोंड म्हणतात. व्रताच्या दिवसांत घर सोडून राहायचं, सोवळ्यात शिजवलेलंच खायचं, पुन्हा पुन्हा आंघोळ करून ओलेत्याने वावरायचं, हातात गोंडे लावलेली वेताची काठी. शेवटी रचलेली होळी जळून खाली बसली की त्या निखाऱ्यांतून अनवाणी चालत जायचं. मामा जत्रेहून आला की आम्ही पोरं त्याचे तळवे बघायला धावायचो. तेव्हा तो मला घरातला सगळ्यात मोठा माणूस वाटायचा.

आणि हेही मला माहीत होतं, की व्रत नीट पाळणाऱ्याला निखारा भाजत नाही असं लोक मानतात. एखाद्याला भाजलंच तर तोंडावर कुणी बोलत नाही, पण मागे विचारतात, ह्याने काय खाल्लं, कुठे शिवला.

या मुलाला सर्वेश म्हणू. खरं नाव वेगळं. मुळगावचं कुटुंब. वडील गुणाजी आधी खाणीवर टिपर चालवायचे, आता एका दुकानाचा टेम्पो चालवतात. आई शालन. सर्वेश लहानपणापासून धोंड. दरवर्षी निखाऱ्यांतून चालला आणि कधी हूं की चूं केलं नाही. बाकीचे धावत पार होतात, हा सावकाश चालायचा. गावात त्याचं नाव होतं. लोक पोराबाळांना त्याच्या पायांवर घालायचे.

यंदा भाजलं होतं. निखारा टाचेच्या एका भेगेत रुतून बसला होता आणि त्याला पत्ता नव्हता. घरी येऊन बघतो तर टाचेला खड्डा. आता हे सांगायचं कुणाला? सांगितलं तर व्रत मोडलं असं होणार. त्याने मोजा चढवला आणि गप्प बसला. दुखत तर नव्हतंच. वैशाख गेला, पाऊस लागला, श्रावण आला. घरात वास येऊ लागला. शालनबाईंना वाटलं, कपाटामागे उंदीर मेलाय. त्यांनी सगळं घर हलवलं आणि शेवटी मुलाच्या पायाशी येऊन थांबल्या.

आता सर्जनच्या डोक्यात काय चालतं ते सांगते. पाय बधिर असलेला माणूस आला की पहिली शंका साखरेची. त्याची साखर नॉर्मल होती. दुसरी शंका कुष्ठरोगाची. अंगावर चट्टे नाहीत, कोपराजवळची नस जाड नाही. मग मी दोन्ही पाय शेजारी ठेवून बघितले. डावा पाय लहान होता. बोटं आत वळलेली, तळव्याची कमान उंच. उजवा जरा बरा, पण टाचणी टोचली तर तिथेही कळत नव्हतं. गुडघ्याच्या खाली पुढच्या बाजूला मात्र टोचल्यावर दचकला.

"चप्पल पायांतसून पडता काय रे?"

तो पहिल्यांदा मोबाईलवरून वर बघत म्हणाला, "तुमकां कशी खबर?"

"किती चपल्यो घेतल्यो ह्याका, इचारू नाकात," शालनबाई म्हणाल्या. "वाटेर पडता आनी ह्याका कळना. मी गाळी घालतंय."

"शर्ट काढ. पालथो पड."

त्याने आईकडे बघितलं. आई खिडकीतून बाहेर बघत होती.

कमरेच्या खाली, बरोबर मधोमध, अर्ध्या मोसंबीएवढी मऊ गाठ होती. वर चांगली कातडी आणि काळ्या केसांचा एक झुपका.

"ती जल्माची," गुणाजी म्हणाले. "चरबी ती. ल्हान आसताना डॉक्टराक दाखयलेली. चरबी आसा, त्रास ना तर रवूंदी, म्हणाले."

चरबी हे बरोबरच होतं. मला त्या शब्दाचा फार राग येतो. अंगावर कुठेही चरबीची गाठ येते, तिला लायपोमा म्हणतात, आणि बहुतेक वेळा ती निरुपद्रवी असते. पण पाठीच्या मधोमध, जन्मापासून, वर केस असलेली गाठ ही नुसती वर बसलेली नसते. ती आत किती खोल गेलीय ते बघितल्याशिवाय तिला चरबी म्हणून सोडून द्यायचं नसतं.

मी आईवडिलांना बाहेर बसवलं आणि सर्वेशला विचारलं, "लघवी कळता?"

त्याने मोबाईल उलटा ठेवला. मग हळू आवाजात सगळं सांगितलं. दहा-अकरा वर्षांचा असल्यापासून कळत नव्हतं. थेंब थेंब गळायची. तो दोन हाफ पँट घालायचा, पाणी कमी प्यायचा, शाळेत शेवटच्या बाकावर बसायचा. बारावीनंतर कॉलेजला गेला नाही ते याचमुळे. घरी सांगितलं, शिकायला आवडत नाही.

"आनी व्रताच्या दिसांनी?"

तो हसला. त्या दिवसातलं त्याचं ते एकच हसू. "तेन्ना बरां आसतां, डॉक्टर. तेन्ना सगळेच ओले आसतत."

मी केसपेपरवर सोनोग्राफी लिहिली. वर्षभरात तेवढेच दिवस हा मुलगा चारचौघांत निर्धास्त बसायचा. त्याला देव हवा होता की ते ओलं सोवळं, हे त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं.

सोनोग्राफीत दोन्ही किडन्या फुगलेल्या निघाल्या. मूत्राशयाला मेंदूचा निरोप पोचत नसला की ते पूर्ण रिकामं होत नाही. भरून वाहतं, आणि आतलं पाणी उलट किडन्यांकडे चढतं. वर्षानुवर्षं हे चाललं होतं. क्रिएटिनिन म्हणजे किडनी किती बिघडली ते सांगणारी रक्ततपासणी. तो आकडा बघून मी सिस्टरला पुन्हा रक्त काढायला सांगितलं. पुन्हा तेच.

एमआरआयसाठी पणजीच्या बाजूला पाठवलं. तिथल्या न्यूरोसर्जन सरांचा संध्याकाळी फोन आला. सर कमी बोलतात.

"वय?"

"एकोणीस, सर."

"इतकी वर्षं कुठे होता?"

"जत्रेत," मी म्हणाले. मला रडू येत होतं, म्हणून मी असं बोलले.

"मज्जारज्जू पार खाली चरबीत रुतलाय. ओढून ताणलेली दोरी असते ना, तसा. मोकळा करता येईल. पण जे गेलंय ते परत येणार नाही. मूत्राशय नाही, पाय नाही. आईबापांना तसंच सांग. आशा वाढवू नकोस."

"आणि टाच?"

"ते तुझं काम. हाडात शिरलंय. तुला दिसलंच असेल."

दिसलं होतं.

दुसऱ्या दिवशी मी तिघांना समोर बसवलं. गुणाजी खुर्चीवर बसायला तयार नव्हते, भिंतीला टेकून उभे राहिले. मी बोलायला तोंड उघडलं तर शालनबाईंनीच आधी विचारलं, "माझां काय चुकलां?"

हा प्रश्न प्रत्येक आई विचारते. याचं उत्तर मला नीट द्यायचं होतं. श्रावण होता म्हणून मला पातोळीच सुचली. हळदीच्या पानावर तांदळाचं पीठ पसरायचं, पान दुमडायचं, कडा दाबून मिटवायच्या. पीठ लावताना बाईचा हात कसा चालतो ते शालनबाईंना मी शिकवायची गरज नव्हती.

गर्भ तांदळाच्या दाण्याहून लहान असतो, तेव्हाची ही गोष्ट. त्याच्या पाठीवर एक सपाट पट्टी असते. पट्टीच्या दोन्ही कडा उचलल्या जातात, एकमेकींकडे येतात आणि मिटतात. तयार होते ती नळी. तिचाच पुढे मेंदू आणि मज्जारज्जू होतो. त्या कडांना लागूनच बाहेरची कातडी असते. नळी मिटली की कातडी तिच्यापासून सुटते आणि वरून स्वतः बंद होते. मधल्या जागेत हाड, स्नायू, चरबी बनवणाऱ्या पेशी येऊन बसतात. सगळा भरवसा या क्रमावर. आधी नळी मिटायची, मगच कातडीने सुटायचं.

सर्वेशच्या बाबतीत एका जागी कातडी जरा लवकर सुटली. नळी तिथे अजून उघडी होती. ज्या पेशींची पुढे चरबी व्हायची त्या उघड्या फटीतून आत शिरल्या आणि मज्जारज्जूला चिकटल्या. मग फट मिटणार कशी? कातडी मात्र वरून बंद झाली. त्यामुळे मूल जन्मलं तेव्हा पाठीवर जखम नाही, काही नाही, नुसती मऊ गाठ.

"मगे इतकी वर्षां कित्याक काय झालां ना?" शालनबाईंनी विचारलं.

"झालां. हळूहळू झालां." मूल उंच होतं तसा कणा लांबतो. मज्जारज्जू तेवढा लांबत नाही, म्हणून त्याचं खालचं टोक वर सरकत कमरेपाशी येऊन राहतं. सर्वेशचं टोक चरबीने खाली धरून ठेवलं होतं. तो वाढला की ते ताणलं जायचं. आधी पाय बधिर झाले, मग लघवी गेली.

"दारार खुणो करतंय मी ह्याच्यो," शालनबाई म्हणाल्या. "दर वाडदिसाक. किती वाडलो ती."

मी म्हटलं, हे सगळं पाळी चुकून जेमतेम पंधरवडा झाला तेव्हा घडून गेलं होतं. बहुतेक बायकांना तेव्हा दिवस गेल्याची खात्रीसुद्धा नसते. तुम्ही काय खाल्लं, काय उचललं, ग्रहणात कुठे बसलात, याचा संबंध नाही. फॉलिक ॲसिडच्या गोळ्या घेतल्या असत्या तर टळलं असतं, असंही या प्रकाराबद्दल छातीठोक सांगता येत नाही. का होतं, ते आम्हालाही नीट माहीत नाही. तुमची चूक नाही.

मला वाटलं होतं, हे ऐकून त्यांना बरं वाटेल. सगळ्यांना वाटतं. शालनबाईंचा चेहरा मात्र पडला.

"माझी ना, तर कोणाची?"

"कोणाचीच ना."

"कोणाचीच ना तर मी माफी कोणाकडे मागू?" त्या म्हणाल्या. "ह्याची गाठ बघून मी देवीक सांगलेलां. पोर चलांक लागलो तर तुझो धोंड करीन. जल्मभर. तो चललो. मी म्हटलां, देवीन ऐकलां."

सर्वेश धोंड का झाला ते मला तेव्हा कळलं. त्या गाठीमुळेच झाला होता. आणि निखाऱ्यांतून सावकाश चालत जायचा तेही त्या गाठीमुळेच.

गुणाजी भिंतीपासून पुढे आले. "म्हणजे तुमी म्हणता, इतकी वर्षां तो आगीतसून चललो, तो रोग?"

मी काही गुळमुळीत बोलू शकले असते. माझा स्वभाव तसा नाही आणि वेळही नव्हता. पायाच्या हाडात पू होता.

"होय," मी म्हणाले. "पाय गुडघ्याखाली कापूंक जाय. नायतर जीव जातलो. मागीर पाठीचां ऑपरेशन."

गुणाजींनी मुलाची चप्पल उचलली. "चल रे."

सर्वेश आईकडे बघत होता. मी त्यालाच म्हणाले, "तू अठरा वर्सांवयलो. सही तुझी चलता. तूं सांग."

"गावांत काय सांगतले हे?" तो म्हणाला. त्याला पाय जाण्याची भीती नव्हती. त्या पायाची त्याला आठवणही नव्हती. त्याला भीती होती, उद्यापासून आपण कोण, याची. त्याने सही केली, ती घरी नेण्याच्या कागदावर. मी ओरडले, अगदी वाईट ओरडले. सिस्टर दार लावायला धावली. ते तिघं गेले.

मी दोनदा फोन केला. एकदा शालनबाईंनी उचलला. "प्रसाद घेवंक गेल्यात," म्हणाल्या. प्रसाद म्हणजे देवाच्या अंगाला पाकळ्या लावून प्रश्न विचारायचा, उजवी पाकळी पडली तर होकार. काय पडलं ते मला कधी कळलं नाही. दुसऱ्या वेळी फोन कुणी उचलला नाही.

चतुर्थीच्या सुट्टीत त्याला टेम्पोत घालून आणलं. ताप डोक्यात गेलेला, रक्तदाब खाली, पाय घोट्याच्या वर काळा. पाय गेला तो गेलाच, पण त्या इन्फेक्शनमध्ये किडन्यांनी उरलंसुरलंही सोडलं. मी त्याचा पाय गुडघ्याखाली कापला. कापताना एक नियम असतो. जिथे रक्त आणि संवेदना दोन्ही शाबूत आहेत तिथे कापायचं, म्हणजे जखम भरते.

भूल उतरल्यावर तो किंचाळला. वॉर्डभर ऐकू गेलं. त्याला तो काय प्रकार आहे तेच कळत नव्हतं. "डॉक्टर, हां काय? हां काय होता?" असं तो विचारत होता. मी इंजेक्शन दिलं. गुणाजी दाराशी उभे होते. ते आत आले नाहीत.

महिन्याभराने, जरा धुगधुगी आल्यावर सरांनी पाठीचं ऑपरेशन केलं. चांगलं झालं. सर म्हणाले तसंच झालं. जे गेलं होतं त्यातलं काही परत आलं नाही. आता त्याला दिवसाआड डायलिसिस लागतं. नळी घालून लघवी काढायला शिकला. हे तो दहाव्या वर्षी शिकला असता तर किडन्या राहिल्या असत्या. किडनी कोण देणार, हा प्रश्न घरात आहे आणि त्याचं उत्तर अजून नाही.

तुम्ही त्याला वाचवलंत ना, असं मला लोक विचारतात. मी एक पाय कापला. बाकी सगळं माझ्या दाराशी येण्याआधीच होऊन गेलं होतं, काही त्याच्या जन्माआधी, काही नंतर, उघड्या डोळ्यांसमोर. रोज तेल लावून न्हाऊ घालताना ती गाठ सगळ्यांनी बघितली होती.

पुढच्या वैशाखात, जत्रेच्या सकाळी, मी ओपीडीत पोचले तर बाकावर सर्वेश बसला होता. शेजारी कुबड्या. मला वाटलं, त्यालाच काही झालं. पण पेशंट तो नव्हता. गुणाजी होते. अंगावर सोवळं, गळ्यात कोमेजलेल्या मोगरीच्या कळ्या, काठी भिंतीला टेकवलेली. दोन्ही पाय वर धरून बसले होते.

आयुष्यात कधी धोंड झाले नव्हते. बायकोची आंगवण, म्हणजे नवस, जन्मभराची होती. मुलगा आता चालू शकत नाही, तर कुणीतरी चालायला हवं, म्हणून यंदा ते चालले.

"व्रत नीट पाळलां," ते मला आधीच म्हणाले, मी विचारण्याअगोदर. "काय मोडूंक ना. तरी भाजलां." मग म्हणाले, "लपयलां ना. सरळ हांगाच आयलों."

दोन्ही तळव्यांना फोड आले होते. काही फुटले होते. मी सलाईनचा बोळा लावला तर त्यांनी टेबलाची कड पकडली आणि लहान मुलासारखे ओरडले. सिस्टर म्हणाली, "काका, जरा सोसा." त्यांना सोसवत नव्हतं. डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

सर्वेश कुबड्या घेऊन टेबलाजवळ आला. वडिलांच्या तळव्यांकडे बघत राहिला. मग त्याने विचारलं, "बाबा, इतकां दुखता?"

"दुखता रे पुता," गुणाजी म्हणाले. "आगीन असांच दुखता."

त्याने हात पुढे केला आणि वडिलांचा पाय घोट्याशी धरून ठेवला, माझं ड्रेसिंग होईपर्यंत.

हल्ली नवे ज्युनियर डॉक्टर आले की मी त्यांना एवढंच सांगते. पेशंट ओरडला तर घाबरू नका. जो ओरडत नाही त्याला पालथा झोपवा आणि शर्ट वर करून पाठ बघा.